पंक्तिप्रपंच

अमेरिकेतील मेजर लीग सॉकर या फुटबॉल-संघटनेच्या वेतनविषयक नियमांची स्तुती अलीकडे आपल्याकडेही ऐकू येऊ लागली आहे. युरोपात धनाढ्य संघांनी खेळाचा बाजार मांडला व दोनचार संघांनीच वर्षानुवर्षे अजिंक्यपदे वाटून घेतली. याउलट अमेरिकेने प्रत्येक संघाच्या खर्चास मर्यादा घालून लहानथोरांस एका पातळीवर आणले, असा या स्तुतीचा आशय असतो. समता हा शब्द कानाला गोड लागतो, आणि तो अमेरिकन धनिकाच्या मुखातून बाहेर पडला म्हणजे त्याचे नवल अधिकच वाटते. परंतु ही समता कोणाकोणांमधली आणि तिचा खर्च कोणाच्या माथी, हे विचारल्यावाचून तिचे गोडवे गाणे आम्हांस योग्य वाटत नाही.

परक्या देशातील खेळाडूंच्या पगाराची उठाठेव मराठी वाचकाने का करावी, असे कोणी म्हणेल. २०२५ च्या डिसेंबरात लिओनेल मेस्सी मुंबईस आला तेव्हा वानखेडे मैदानावर जी गर्दी लोटली तिने या आक्षेपाचे अर्धे उत्तर दिलेच आहे. आमच्या घरांतील मुले ज्या गुलाबी सदऱ्यासाठी हट्ट धरतात तो इंटर मायामी या संघाचा आहे, आणि इंटर मायामी याच लीगमधील संघ आहे. त्या सदऱ्याच्या पाठीवरील एक नाव सर्वांस पाठ असते. त्याच मैदानावर त्याच वेळी धावणाऱ्या उरलेल्या दहांस काय मिळते, हे मात्र कोणी विचारीत नाही. उत्तराचा दुसरा अर्धा भाग असा की, हा प्रश्न मुळात चेंडूचा नाही. मालकांनी एकत्र जमून नोकराच्या वेतनाची सीमा आखावी, आणि त्याने नोकरी बदलू म्हटले तर सर्वांनी मिळून दार लावून घ्यावे, हे न्याय्य आहे काय, असा तो प्रश्न आहे. आणि पगारावर संसार चालविणाऱ्या मध्यमवर्गास तो परका वाटण्याचे काही कारण नाही.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो अगदीच पोकळ नाही. अमेरिकेत १९६८ मध्ये नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग सुरू झाली. १९७५ साली न्यूयॉर्क कॉसमॉस या संघाने पेलेला आणले, १९७७ मध्ये बेकेनबाउअर आला, मैदाने भरली, वर्तमानपत्रे नाचू लागली. एकाने पेले आणला म्हणून दुसऱ्याने कोणीतरी वयस्क युरोपियन वीर आणला, तिसऱ्याने कर्ज काढून चौथ्याची बरोबरी केली. १९७८ मध्ये संघ २४ होते. १९८४ च्या अखेरच्या हंगामात ९ उरले, आणि मग लीगच संपली. त्यानंतर १९९४ ची विश्वचषक स्पर्धा अमेरिकेत भरली व तिच्या निमित्ताने दिलेल्या वचनानुसार १९९६ मध्ये नवी लीग मैदानात उतरली, तेव्हा तिच्या संस्थापकांच्या डोळ्यांपुढे ही राख होती. त्यांनी एक विलक्षण युक्ती योजिली. संघ निरनिराळे, पण कंपनी एकच. खेळाडूचा करार संघाशी नव्हे, लीगशी व्हावयाचा; संघमालक हा त्या कंपनीचा भागीदार आणि आपल्या संघाचा व्यवस्थापक. भागीदारांनी आपसात चढाओढ करून नोकरांचे पगार वाढवावेत, हे मग संभवतच नाही.

आरंभीच्या काळात या काटकसरीने लीग वाचविली, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. २००२ च्या प्रारंभी टँपा बे व मायामी येथील दोन संघ बंद करावे लागले, इतकी तिची प्रकृती नाजूक होती. रोग्याला पथ्य असते, त्याबद्दल वैद्याशी भांडण नाही. परंतु रोगी उठून बसला, हिंडूफिरू लागला, वाडे बांधू लागला, तरी त्याच्या घरच्या गड्यामाणसांनीच काय ती भाताची पेज प्यावी, हे कोणते वैद्यक?

वाडे बांधल्याची गोष्ट अलंकारिक नव्हे. २००७ साली टोरोंटोच्या संघाने लीगमध्ये प्रवेश मिळविला तेव्हा प्रवेशाचे मोल १ कोटी डॉलर होते. २०२३ साली सॅन डिएगोच्या मालकांनी त्याच प्रवेशासाठी ५० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले. सोळा वर्षांत पन्नासपट! याच काळात एका संघाच्या मुख्य खेळाडूंसाठी ठरविलेला वेतननिधी २००७ मधील सुमारे २१ लाख डॉलरांवरून २०२५ मध्ये ५९ लाख ५० हजारांवर आला. म्हणजे तिप्पटही नाही. त्यात लीगकडून मिळणाऱ्या जादा वाटपाच्या रकमा मिळविल्या तरी वाढ सव्वापाचपटीच्या आसपास थांबते. २०१४ च्या अखेरीस लीगचे आयुक्त डॉन गार्बर यांनी सांगितले होते की, लीगला व तिच्या संघांना मिळून वर्षास १० कोटी डॉलरांहून अधिक तोटा होतो. असेलही. पण ज्या दुकानात दरसाल तोटा येतो त्याची भागीदारी घेण्यासाठी शहाणे व्यापारी रांग लावतात आणि भागीदारीचा भाव पन्नासपट चढतो, तेव्हा हिशेबाच्या वहीत जे दिसत नाही ते कोठेतरी साठत असलेच पाहिजे. ते मालमत्तेच्या किमतीत साठते, आणि त्या मालमत्तेत खेळाडूचा वाटा शून्य आहे.

आता त्या प्रसिद्ध समतेकडे वळू. नियमांचे पुस्तक वाचताना आम्हांस एखाद्या संस्थानाच्या जुन्या खासगी खात्याची आठवण झाली. इतक्या थैल्या, इतकी गाठोडी, आणि प्रत्येकाचे तोंड निराळ्या किल्लीने उघडणारे. एका संघाच्या पटावर ३० पर्यंत खेळाडू असतात. त्यांपैकी पहिल्या २० जणांचे पगार वेतननिधीत मोजावयाचे, उरलेल्यांचे नाहीत. २०२५ मध्ये एका खेळाडूचा जास्तीत जास्त ७,४३,७५० डॉलर एवढाच बोजा या निधीवर पडू शकत होता. त्याहून अधिक पगार द्यावयाचा असेल तर सर्वसाधारण वाटपाच्या थैलीतून, ती त्या वर्षी २९ लाख ३० हजारांची होती, भर घालता येते. विशिष्ट वाटपाची दुसरी थैली २२ लाख २५ हजारांची, तिचे नियम वेगळे. बावीस वर्षांपर्यंतच्या तरुण गुणवंतांसाठी २०२१ पासून आणखी एक सवलत आहे. शिवाय प्रत्येक संघास परदेशी खेळाडूंच्या ठरावीक जागा मिळतात व त्या जागा संघ एकमेकांस विकू शकतात! माणसांची खरेदी-विक्री फुटबॉलमध्ये नवी नाही, पण येथे माणूस बसण्याआधी त्याच्या रिकाम्या पाटाचीच विक्री होते.

या सर्वांवर कळस म्हणजे ‘डेझिग्नेटेड प्लेअर’ नावाचा अपवाद. २००७ साली लॉस एंजेलिस गॅलक्सी या संघास डेव्हिड बेकहॅम हवा झाला, आणि मर्यादा तर आड येत होती. तेव्हा मर्यादा मोडली नाही. तिला खिंडार पाडून त्यास दरवाजा असे नाव दिले. बेकहॅमला कितीही द्या, वेतननिधीवर त्याचे फक्त ४ लाख डॉलर लिहा, उरलेले मालकाने आपल्या खिशातून घालावे. पुढे अशा खेळाडूंची संख्या संघागणिक तीनपर्यंत गेली. २०२४ मध्ये त्यातही विकल्प आला : तीन राजे व तीन राजपुत्र घ्या, अथवा दोन राजे, चार राजपुत्र आणि वर २० लाख डॉलरांपर्यंत वाटपाची रक्कम घ्या.

आपल्याकडे जेवणाच्या पंगतीत एकाच रांगेत बसलेल्यांपैकी कोणाच्या पानात साजूक तुपाची धार आणि कोणाच्या पानात कोरडा भात, असे घडले तर त्यास पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तो करणाऱ्या यजमानाची गावभर छीथू होते. अमेरिकन लीगच्या यजमानांनी मात्र पंक्तिप्रपंचाचा कायदा केला आणि त्याचे नाव समता ठेवले. बेकहॅम आला त्या सुमारास खेळाडूंच्या संघटनेने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे त्याचे निश्चित वेतन वर्षास ६५ लाख डॉलर होते. आणि उमेदवारीच्या वर्गातील खेळाडूंस वर्षास १३,००० डॉलरांहूनही कमी मिळे. एकाच संघात, एकाच सरावास, एकाच पावसात! पाचशे पटींचे हे अंतर पुढे उतरले, हे सांगणे प्राप्त आहे : २०२५ मध्ये राखीव पटावरील खेळाडूचे किमान वेतन ८०,६२२ डॉलर झाले, तर मेस्सीचे निश्चित वेतन २,०४,४६,६६७ डॉलर होते, म्हणजे अडीचशे पटींहून थोडे अधिक. ही सुधारणाही मालकांच्या औदार्याने झालेली नाही. २०१० मध्ये संपाची वेळ येऊन ठेपली होती, आणि प्रत्येक नव्या करारात खेळाडूंच्या संघटनेने ती झगडून मिळविली आहे.

मेस्सीला एवढे का मिळावे, अशी आमची तक्रार नाही. तो ज्या मैदानावर उतरतो तेथील तिकिटांचे भाव चढतात. त्याने आपल्या कलेचे मोल घ्यावे. आमचा मुद्दा असा की, मालकांनी स्वतःच हा अपवाद निर्माण करून कबुली दिली आहे की पैसा आहे, इच्छाही आहे, आणि चढाओढीने लीग बुडत नाही. मग मर्यादा उरली कोणासाठी? ज्याचे नाव घेऊन कोणी तिकीट काढीत नाही, पण ज्याच्यावाचून सामना होऊ शकत नाही, त्या उजव्या बचावपटूसाठी, त्या मधल्या फळीतल्या कष्टाळू गड्यासाठी. संघाने त्यास चार पैसे अधिक द्यावयाचे म्हटले तर थैल्या उलट्यापालट्या कराव्या लागतात. राजासाठी तिजोरी उघडी, प्यादे मात्र तराजूत घालून तोलावयाचे.

खेळाच्या दृष्टीनेही ही रचना विपरीत आहे. फुटबॉल हा साखळीचा खेळ. तिचे बळ सर्वांत अशक्त कडीइतके. बेकहॅम आल्यानंतर २००७ व २००८ या दोन्ही हंगामांत गॅलक्सी बाद फेरीपर्यंतही पोहोचली नाही. अजिंक्यपद २०११ व २०१२ मध्ये आले, ते भोवतीचा संघ बांधला गेल्यावर. २०२३ च्या उन्हाळ्यात मेस्सी मायामीस आला व त्याने लीग्ज कप जिंकून दिला. तरी लीगच्या हंगामात तो संघ पूर्व विभागातील १५ संघांत १४ वा राहिला. मेक्सिकोच्या लीगमध्ये अशी वेतनमर्यादा नाही. २००६ पासून २०२१ पर्यंत उत्तर अमेरिका खंडाचे अजिंक्यपद प्रत्येक वर्षी मेक्सिकोच्या संघांनीच नेले, आणि २०२२ मध्ये सिएटलने ती मालिका खंडित केली तेव्हा अमेरिकेत दिवाळी झाली. मेक्सिकन संघांचे वर्चस्व केवळ पैशाचे होते असे नाही; परंतु अकरावा, बारावा, सोळावा खेळाडू चांगला असणे म्हणजे काय, हे त्या सामन्यांच्या शेवटच्या अर्ध्या तासात दरवर्षी दिसत असे.

यावर समर्थकांचे हुकमी उत्तर आहे : अजिंक्यपदांची यादी पाहा. ती आम्ही पाहिली आहे. २०१३ पासून २०२४ पर्यंतच्या बारा वर्षांत नऊ निरनिराळे संघ अजिंक्य ठरले. जर्मनीत २०१३ पासून २०२३ पर्यंत ओळीने अकरा वेळा बायर्न म्यूनिक. हे अंतर डोळ्यांत भरणारे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दोन गोष्टी विसरल्या जातात. अमेरिकेत अजिंक्यपद संपूर्ण हंगामाच्या गुणांवर ठरत नाही, अखेरच्या बाद फेरीत ठरते; आणि बाद फेरीत एका दुपारच्या दैवाने बलाढ्यही घरी जातो. २०२४ मध्ये हंगामभर गुणांचा उच्चांक करणारी मायामी पहिल्याच फेरीत अटलांटाकडून हरली. जर्मनीत हाच शेवट लावला असता तर तेथेही यादी लांबली असती. दुसरे असे की, ही समता संघासंघांतली, म्हणजे वस्तुतः मालकामालकांतली आहे. भागीदारांना नफ्यातोट्याची शाश्वती मिळाली, हाच तिचा अर्थ. ती शाश्वती विकत घेण्यासाठी जे दाम मोजले गेले ते खेळाडूंच्या खिशातून.

या युक्तिवादाला इतिहासही आहे. इंग्लंडमध्ये १९०१ साली खेळाडूच्या वेतनाची कमाल मर्यादा आठवड्यास ४ पौंड ठरली, तेव्हाही लहान संघांच्या रक्षणाचेच कारण पुढे केले गेले. १९४८-४९ च्या हंगामात इंग्लंडच्या लीग सामन्यांना ४ कोटींहून अधिक प्रेक्षक आले. त्या वर्षी स्टॅन्ली मॅथ्यूजसारख्या जगद्विख्यात वीरास हंगामात आठवड्याला १२ पौंडांहून अधिक वेतन देणे नियमबाह्य होते. ४ कोटी तिकिटांचा पैसा गेला कोठे, हे विचारण्याची सोय नव्हती. अखेर जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडू संपाच्या उंबरठ्यावर आले आणि १९६१ च्या जानेवारीत, मर्यादा २० पौंडांवर असताना, ती रद्द झाली. आता लहान संघ मेले, अशी हाकाटी झाली. पुढच्याच हंगामात, १९६२ साली, अजिंक्यपद कोणी मिळविले? नुकत्याच वरच्या वर्गात चढलेल्या इप्सविच टाउन या लहानशा गावच्या संघाने! एका उदाहरणाने सिद्धांत होत नाही. पण ज्यांनी आकाश कोसळण्याचे भाकीत केले होते त्यांना एवढे ऐकविणे भाग आहे.

वेतनाहूनही आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो जाण्यायेण्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न. इंग्लंडमध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ठरविले की, करार संपलेल्या खेळाडूस अडवून ठेवणे हा त्याच्या व्यवसायावरील अन्याय्य निर्बंध होय. १९९५ च्या बोस्मन निकालाने करार संपलेल्या खेळाडूस युरोपीय संघराज्यात मुक्तद्वार मिळाले. अमेरिकन लीगमध्ये १९९७ साली खेळाडूंनी दावा लावला. तो २००२ पर्यंत चालला आणि ते हरले. का हरले? खेळाडूंच्या श्रमाची बाजारपेठ अमेरिकेपुरतीच आहे, हे त्यांना ज्यूरीपुढे सिद्ध करता आले नाही. म्हणजे दार उघडे आहे, पण ते देशाबाहेर उघडते! कोलंबसमधील खेळाडूस आपल्या पत्नीच्या गावच्या, शिकागोच्या, संघात जावेसे वाटले तर मार्ग नाही; नॉर्वेस जावयाचे असेल तर कोणी अडवीत नाही.

२०१५ च्या करारात प्रथमच लीगअंतर्गत मुक्तता मिळाली, ती कोणास? ज्याचे वय २८ पूर्ण आणि लीगमधील सेवा ८ वर्षे, त्यास. आठ वर्षे एकाच लीगमध्ये तग धरणारा खेळाडू विरळा. बरे, तो मुक्त झाला तरी नव्या संघाने त्याच्या पगारात १५ ते २५ टक्क्यांपलीकडे वाढ करावयाची नाही, अशीही गाठ होती. एका हाताने वाढावयाचे आणि दुसऱ्या हाताने पान ओढून घ्यावयाचे. २०२० मध्ये वयाची अट २४ व सेवेची ५ वर्षे झाली, ही प्रगती खरी. परंतु बाहेरून येणाऱ्यावर ‘शोध’ लावण्याचा हक्क तसाच राहिला : एखाद्या संघाने परदेशस्थ खेळाडूचे नाव आपल्या यादीत टिपून ठेवावे, त्याच्याशी बोलणेही करू नये, आणि दुसऱ्या संघास तो हवा असेल तर पहिल्यास ५०,००० डॉलरांचे वाटप द्यावे. कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला तेव्हा तेथील रहिवाशांस विचारले नव्हते; ती परंपरा दृढ दिसते.

इतक्या गुंतागुंतीच्या नियमांत लबाडीस जागा असणारच. २०२१ मध्ये इंटर मायामीस २० लाख डॉलरांचा दंड झाला. ब्लेझ मात्विदीसह पाच खेळाडूंची खरी वेतने दडवून त्यांना मर्यादेत बसविल्याचे निष्पन्न झाले होते. त्यांचे वाटपही २२ लाखांहून अधिक रकमेने कापले गेले. दोनच वर्षांनी त्याच संघात मेस्सी आला. दंड सोसण्याची ज्याची ऐपत आहे त्याला नियम म्हणजे एक खर्चाची बाब असते.

मग सारे निर्बंध काढून टाकावेत काय? असे म्हणणाराही एक पक्ष आहे, आणि त्याच्याशीही आमचे जुळत नाही. बार्सिलोनासारख्या संघाने उत्पन्नाचा विचार न करता खर्च केला व कर्जाचा डोंगर रचला. स्पेनच्या लीगचा नियम खर्चाची मर्यादा प्रत्येक संघाच्या उत्पन्नाशी बांधतो, म्हणून २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याच संघास मेस्सीची नोंदणी करता आली नाही व तो पॅरिसला गेला. हा नियम कठोर आहे, श्रीमंतास झुकते मापही देतो. पण तो प्रामाणिक आहे. त्यात राजासाठी वेगळे दार नाही. मर्यादा हवीच असेल तर ती अशी एकजिनसी असावी, आणि तिच्या आत कोणास किती द्यावयाचे ते संघाने ठरवावे.

स्वातंत्र्याने लीग मोडते हे म्हणणे तर त्याच देशातील स्त्रियांच्या लीगने खोडून काढले आहे. नॅशनल विमेन्स सॉकर लीग ही वयाने व उत्पन्नाने किती तरी धाकटी; तरी २०२४ च्या करारात तिने नवोदित खेळाडूंची वाटणी करणारी पद्धत बंद केली, करार संपताच प्रत्येक खेळाडू मुक्त, आणि तिच्या संमतीवाचून तिला दुसऱ्या संघाकडे धाडावयाचे नाही, असे ठरविले. वेतननिधीची मर्यादा तेथेही ठेवली गेली. म्हणजे मर्यादा आणि मुक्तता एकत्र नांदू शकतात.

जाता जाता आपल्या अंगणाकडे एक दृष्टिक्षेप. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगने अमेरिकन धर्तीचेच बंद घर बांधले. पैसे भरून आत यावयाचे, पदावनतीची भीती नाही, वेतनाला मर्यादा. २०१६ मध्ये गोव्याचे धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग हे संघ राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले, कारण त्या घरात त्यांना वाट उरली नव्हती. आणि २०२५ मध्ये व्यापारी हक्कांच्या कराराचा प्रश्न अडला, तेव्हा काही संघांनी सर्वांत आधी थांबविले ते खेळाडूंचे पगार. मालकांच्या शाश्वतीसाठी रचलेल्या घरात संकट आले म्हणजे प्रथम कोणाच्या पानावरून पदार्थ उचलला जातो, ते आपण पाहिलेच आहे.

अमेरिकन लीगचा २०२१ साली झालेला करार २०२७ च्या हंगामापर्यंतचा ठरला होता, आणि त्याच वर्षाच्या मध्यापासून हंगामाचे वेळापत्रक युरोपाप्रमाणे फिरविण्याचा निर्णय मालकांनी २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर केला आहे. एवढा मोठा बदल खेळाडूंच्या सहकार्यावाचून व्हावयाचा नाही. म्हणजे खेळाडूंच्या हाती या वेळी काही आहे. त्यांनी किमान वेतनात आणखी दहापाच हजार डॉलर मागून स्वस्थ बसू नये. वाटपाच्या साऱ्या थैल्या एका निधीत ओता, तो निधी लीगच्या उत्पन्नाशी बांधा, आणि करार संपला की वय व सेवा न विचारता खेळाडूस मोकळा करा, एवढे तीन शब्दांत मागावे, आणि मालकांनी नाही म्हटले तर स्त्रियांच्या लीगचा करार त्यांच्यापुढे ठेवावा.